शून्यातून न जाणारी रेघ

मी एक जुनी सरळ रेघ आहे. रेघेचं कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुमच्यापैकी कुणीतरी मनात म्हणालंच असेल. म्हणू द्या. नाणी बोलतात, छत्र्या बोलतात, फाटक्या चपलासुद्धा आपली कहाणी सांगतात आणि तुम्ही ती डोळ्यांत पाणी आणून ऐकता. मग मीच काय घोडं मारलंय? मात्र मित्रांनो, माझ्याकडून रडगाण्याची अपेक्षा ठेवू नका. मला माणसांनी दाबलं, ओढलं, नको तिथून जायला लावलं. ते सगळं मी सांगणार आहे, आणि मान खाली न घालता सांगणार आहे.

मी पट्टी धरून आखलेली रेघ नव्हे. संगणकावर आकड्यांचा तक्ता असतो ना, त्यातल्या दोन रकान्यांची जोडी लावली की प्रत्येक जोडीचा एक ठिपका होतो. असे ठिपके चौकोनभर विखुरतात आणि त्यांचा एकंदर कल कुठे आहे ते दाखवायला एक रेघ त्यांच्यामधून जाते. तिला ट्रेंडलाइन म्हणतात. ती मी. माझा नियम एकच: सगळ्या ठिपक्यांच्या जितकं जवळून जाता येईल तितकं जायचं. कुणा एकाचे लाड करायचे नाहीत आणि कुणा एकाला वाऱ्यावर सोडायचं नाही.

माझा जन्म श्रीलंकेत हटनच्या वरच्या अंगाला, एका चहाच्या मळ्यावरच्या पाळणाघरात झाला. तुम्हाला वाटेल, पाळणाघरात बाळं जन्माला येत नाहीत, रेघा कुठून येणार? पण तिथे एक संगणक होता. कुणा दानशूर मंडळींनी बाळांच्या वजनांची नोंद ठेवायला तो दिला होता आणि पिठाच्या पोत्याचा शिवलेला झगा घालून तो कोपऱ्यात बसलेला असे. पाळणाघर सांभाळायच्या योगराणी टीचर. हटनला दोन दिवस शिकून आल्या होत्या, आणि जे शिकल्या ते विसरल्या नव्हत्या, एवढं त्यांच्याबद्दल पुरे. त्यांची आई याच मळ्यावर पानं खुडत म्हातारी झाली होती.

पाळणाघराच्या आढ्याला बाळांचा तोलकाटा टांगलेला होता. घड्याळासारखी तबकडी, पंचवीस किलोपर्यंतचे आकडे आणि खाली अडकवायचा लोखंडी आकडा. बाळाला त्यात बसवायची कापडी झोळी कधीच फाटली होती. नवी मागवली ती आलीच नाही. म्हणून टीचरनी आपल्या आईची पानं खुडायची जुनी बांबूची टोपली त्या आकड्याला अडकवली. बाळ टोपलीत, टोपली काट्यावर. आकडा वाचायचा, टोपलीचं वजन वजा करायचं, उरेल ते लिहायचं. टोपलीत बसलेली बाळं मोठ्या दिमाखात इकडेतिकडे बघत असत. इतर वेळी त्याच टोपलीत लाकडी खेळणी आणि दुपट्यांच्या घड्या असायच्या.

आता मळ्याची रीत सांगते, कारण तिच्यावाचून माझी कहाणी पुढे सरकणार नाही. तिथे दिवसभराच्या कामाला 'नाव' म्हणतात. अठरा किलो पान खुडलं की पूर्ण नाव पडतं. अठराला कमी पडलं की अर्धं नाव. दिवसभर तीच बाई, तेच उतार, तेच पाय आणि त्याच जळवा, पण संध्याकाळी मुकादम ओरडून सांगणार की आज तू अर्धीच होतीस. मला ही रीत कधीच पटली नाही. पण माझं मत विचारलं कुणी?

दुपारी साडेतीनला दूधपित्या बाळांच्या आया पाळणाघरात यायच्या. चढणीच्या वळणावरच ते होतं. पानांनी भरलेली पोती बाहेर कट्ट्यावर ठेवायच्या, बाळाला पाजायच्या आणि मग पोतं पाठीवर घेऊन खालच्या शेडकडे जायच्या. चार वाजता तिथे मुकादम पोती तोलून घेई. त्याचं नाव मारिमुत्तु. खाकी अर्धी चड्डी, तोंडात पानाचा तोबरा, खिशात निळी पेन्सिल. तो प्रत्येकीला वजनाची चिठ्ठी द्यायचा.

त्या आयांमध्ये एक होती तंगमलर, म्हणजे तमिळमध्ये सोन्याचं फूल. तिची कयल पाच महिन्यांची होती. जुलैच्या एका संध्याकाळी ती कयलला न्यायला परत आली तेव्हा चिठ्ठी मुठीत चुरगळलेली होती.

"आज किती?" टीचरनी विचारलं.

"पावणेसतरा. पुन्हा अर्धं." ती कट्ट्यावर बसली. "अक्का, माझ्या नावातलं सोनं तो मुकादम ठेवून घेतो, फूल तेवढं घरी येतं."

ती हसली, पण ते हसू खरं नव्हतं. कचेरीतून तिला निरोप आला होता. ऑगस्ट संपेपर्यंत वजन सुधारलं नाही तर कायमच्या हजेरीपटावरून तिचं नाव काढणार होते. नाव गेलं की लयममधली, म्हणजे मजुरांच्या चाळीतली, खोलीही जाणार, कारण मळ्यावर खोली नावाला मिळते, माणसाला नाही. त्या खोलीत ती, कयल आणि तिची आंधळी होत चाललेली सासू राहत होत्या. नवरा कोलंबोला एका खानावळीत राबत होता आणि त्याला तिथे झोपायला जेवणाची टेबलं होती. खोली गेली तर तिघींनी जायचं कुठे, हा प्रश्न होता.

"पोतं तर रोज जड लागतं गं," ती म्हणाली. "माझी पाठ खोटं बोलते का?"

दुसऱ्या दिवशी साडेतीनला टीचरनी काट्यावरची टोपली काढून ठेवली आणि तंगमलरचं पोतं आकड्याला अडकवलं. अठरा किलो आठशे भरलं. संध्याकाळी चिठ्ठी आली, सोळा सातशे. मग त्यांनी बाकीच्या पाच आयांनाही सांगितलं: पोतं आधी इथे टांगायचं, संध्याकाळी चिठ्ठी मला दाखवायची, आणि तोंड बंद ठेवायचं. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड होती, पण त्यांनी तीही पाळली.

पाच आठवड्यांत एकशे बारा जोड्या जमल्या. एका रकान्यात पाळणाघराचं वजन, शेजारच्या रकान्यात चिठ्ठीचं. मग एका दुपारी बाळं झोपल्यावर टीचरनी संगणकाचा झगा उतरवला. पहिल्यांदा त्यांनी चुकीचा आलेख निवडला. प्रत्येक ठिपका पुढच्याशी जोडला गेला आणि पडद्यावर मांजरीनं विस्कटलेली लोकर दिसू लागली. त्या स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या, ते पुसलं आणि नुसत्या ठिपक्यांचा आलेख घेतला. आडव्या अक्षावर त्यांचं वजन, उभ्या अक्षावर मुकादमाचं. मग एका ठिपक्यावर उजवी टिचकी मारली, यादीतून 'ट्रेंडलाइन जोडा' निवडलं, प्रकारात 'सरळ' निवडलं. आणि मी जन्मले.

मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. एकशे बारा ठिपके, काही माझ्या वर, काही खाली, आणि मी मधून ताठ. आयांनी पडद्याभोवती गर्दी केली. टीचर त्यांना समजावू लागल्या, पण तंगमलरला समजवावं लागलं नाही. खुडणाऱ्या बायकांजवळ एक हलकी सरळ काठी असते. तिला मट्टकंबू म्हणतात. झुडपांच्या माथ्यावर ती आडवी ठेवायची. कुठला कोंब वर आलाय, कुठला खाली राहिलाय ते कळतं आणि खुडणी एका पातळीत राहते. तंगमलर म्हणाली, "ही तर आमची काठीच झाली. कोंबांऐवजी ठिपके." माझी याहून चांगली ओळख आजवर कुणी करून दिलेली नाही, आणि मला पुढे शिकल्यासवरल्या माणसांनीही पाहिलं आहे.

टीचरनी मला डावीकडे वाढवलं, पार अक्षापर्यंत. पण मी शून्यावर टेकले नाही. शून्याच्या खाली गेले, दोन किलोंहून थोडी अधिकच खाली. बाजूला माझं समीकरण उमटलं होतं. टीचरनी ते बोटानं वाचलं. एक किलो पान वाढलं की चिठ्ठीवरही जवळपास एक किलोच वाढत होतं. म्हणजे मोजणीचा हिशेब सरळ होता. फक्त प्रत्येक पोत्यामागे, पोतं लहान असो की मोठं, दोन किलो आणि वर थोडं, कुठेतरी गडप होत होतं. कुठे, ते मला माहीत नव्हतं. मी रेघ आहे, पोलीस नाही.

चोवीस किलो खुडणाऱ्या दांडग्या बायकांचे दोन गेले तरी त्या अठराच्या वरच राहत. मार बसत होता तो काठावरच्यांना, आणि अर्धा तास बाळाला देणारी प्रत्येक आई काठावरच होती.

टीचर दुसऱ्याच दिवशी मला घेऊन दोरैकडे गेल्या. मळ्याच्या साहेबाला तिथे दोरै म्हणतात. हा दोरै कँडीचा, तिशीतला, धनुष्क नावाचा. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. वाईट माणसापेक्षा अर्धवट हुशार माणसानं मला जास्त छळलं आहे. त्यानं मला आपल्या संगणकावर घेतलं आणि पाहताक्षणी खूश झाला. पाळणाघराची बाई असं काही करू शकते यावर त्याचा विश्वासच बसेना. त्यानं माझा रंग लाल केला, मला जाड केलं, अक्षांना नावं दिली. आयुष्यातलं पहिलं कौतुक होतं ते. मी भुलले असते, खरंच सांगते.

मग तो म्हणाला, "पण टीचर, ही चुकलीय."

"कशी?"

"रिकामं पोतं आणलं तर वजन किती यायला हवं? शून्य. तुमची रेघ म्हणते उणे दोन. उणे दोन किलो पान जगात असतं का? मारिमुत्तुचा काटा मी स्वतः रोज सकाळी बघतो. रिकामा असतो तेव्हा बरोब्बर शून्यावर असतो."

मग त्यानं माझ्या गुणधर्मांची खिडकी उघडली. तिथे एक लहानशी चौकट असते. तिच्यात खूण करून शून्य लिहिलं की रेघेला शून्यातूनच जावं लागतं, ठिपके काहीही म्हणोत. त्यानं खूण केली.

मित्रांनो, कुणी तुमची मानगूट धरून तुम्हाला भलत्याच दारासमोर उभं केलंय का कधी? मी कोपऱ्यातल्या शून्याला टेकले आणि तिथून कशीबशी ठिपक्यांकडे चढले. लहान पोत्यांचे ठिपके माझ्या खाली लोंबत राहिले, मोठ्या पोत्यांचे माझ्या डोक्यावर निघून गेले. ज्याला डोळे आहेत त्याला दिसलं असतं की ही रेघ स्वतःहून इथे आलेली नाही. पण दोरै समीकरण वाचत होता. आता माझा चढ एकाचा राहिला नव्हता, शून्य पूर्णांक एकोणनव्वद झाला होता. म्हणजे शंभर किलोंमागे अकरा किलो कमी. त्यानं चुटकी वाजवली. पान वाळतं, तो म्हणाला. आया साडेतीनला पाळणाघरात बसतात, पोतं कट्ट्यावर उन्हात राहतं, पानातलं पाणी उडतं. झालं. सगळं जुळलं.

बघा, माझीच जीभ पिळून माझ्याच बायकांविरुद्ध साक्ष काढली त्यानं. टीचर म्हणाल्या की साहेब, इथे दुपारी तीननंतर धुक्यात हात दिसत नाही, ऊन कुठलं? तो म्हणाला, आकडे खोटं बोलत नाहीत. आकडे बोलत नसतातच मुळी, माणसं त्यांच्या तोंडी घालतात. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याला कोण काय करणार.

मंगळवारी त्यानं माझा कागद छापला आणि तोलण्याच्या शेडमध्ये फळ्यावर लावला. माझ्याखाली सूचना होती: पान वाटेत वाळत असल्यानं सोमवारपासून साडेतीनची दूध-सुट्टी बंद. त्याच्याखाली महिनाअखेरीला हजेरीपटावरून काढायची तीन नावं. दुसरं नाव तंगमलरचं. शनिवारी महिना संपत होता.

आता मी दोन ठिकाणी होते. पाळणाघरातल्या संगणकात खरी, झग्याखाली अंधारात. आणि शेडच्या फळ्यावर बळजबरीची, लाल, जाड, सगळ्यांसमोर. बायका रांगेत उभ्या राहून माझ्याकडे बघत. त्यांना माझ्याखालची नावं दिसत होती आणि माझा राग येत होता. मारिमुत्तु प्रत्येक चिठ्ठीबरोबर टोमणा देई. बाळाला पाजता की पानाला सुकवता, म्हणे. एका संध्याकाळी तंगमलर माझ्यासमोर थांबली, माझ्या खालून लोंबणाऱ्या ठिपक्यांवर तिनं बोट ठेवलं आणि निघून गेली. मी ओरडून सांगितलं असतं की ही मी नव्हे. रेघेला तोंड नसतं, एवढीच माझी अडचण.

गुरुवार पाळणाघरात बाळांच्या वजनाचा दिवस. टीचरनी टोपलीतली खेळणी काढली, टोपली काट्याला लावली आणि कयलला आत बसवलं. तंगमलर शेजारी उभी होती.

"साडेआठ," टीचर म्हणाल्या आणि लिहायला वळल्या. "म्हणजे सहा चारशे."

"आत्ता तर साडेआठ म्हणालात."

"टोपलीचे दोन किलो शंभर वजा केले. टोपली म्हणजे काय तुझी लेक आहे?"

टीचरची लेखणी वहीवर तशीच राहिली. मग दोघींनी एकाच वेळी कोपऱ्यातल्या संगणकाकडे पाहिलं. झगा निघाला, मी उजेडात आले. माझ्या समीकरणाच्या शेवटी उणे दोन पूर्णांक एक लिहिलेलं होतं. पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं. टीचर नंतर म्हणाल्या की रोज तेच करणारा हात काय करतो ते डोक्याला सांगतच नाही.

टीचरना आठवलं. त्यांच्या आईच्या काळात सगळ्या बायका बांबूच्या टोपल्यांतच पान आणायच्या. टोपलीसकट तोलायचं म्हणून काटा टोपलीपुरता मागे ओढून ठेवलेला असायचा. पुढे टोपल्या गेल्या, हलकी पोती आली. टोपल्यांची कुणी जळणं केली, कुणी कोंबड्या झाकल्या. काट्याला मात्र हे कुणी कळवलं नव्हतं.

शुक्रवारी चार वाजता शेडमध्ये रांग लागली. दोरैही आला होता, कारण टीचरनी त्याला निरोपच तसा धाडला होता. तंगमलर सरळ फळ्याशी आली. पाठीवरची काठी काढली आणि माझ्या कागदावर आडवी धरली, झुडपावर धरतात तशी, निम्मे ठिपके वर, निम्मे खाली राहतील अशी. टीचरनी मारिमुत्तुच्या खिशातली निळी पेन्सिल न विचारता काढून घेतली आणि काठीच्या कडेनं ओढली. लाल रेघेला ओलांडून एक निळी रेघ गेली, खाली, आणखी खाली, शून्याच्या पार. फळ्यावर मी पुन्हा मी झाले.

मारिमुत्तु हसला. "पुन्हा तेच उणे दोन. अहो टीचर, हातच्या कांकणाला आरसा कशाला? हा बघा काटा. रिकामा. शून्य आहे की नाही?"

"आहे," टीचर म्हणाल्या. "आता हे लावा."

त्यांनी पाठीमागे ठेवलेली टोपली पुढे केली. जुनी, काळपट, कपाळाच्या दोरीसकट. एक लाकडी हत्ती आत तसाच राहिला होता, तो त्यांनी काढून घेतला. मारिमुत्तुनं टोपली घेतली आणि आकड्याला अडकवली.

काटा हलला नाही. दोन किलो शंभर ग्रॅमची टोपली लोंबत होती आणि काटा शून्याशी ठोकलेल्या खिळ्याला टेकून गप्प बसला होता.

मारिमुत्तुनं टोपली काढली, पुन्हा लावली. काढली, पुन्हा लावली. त्याच्या तोंडातलं पान चावायचं थांबलं होतं. तो चोर नव्हता, मित्रांनो. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं. तो काटा त्याला आधीच्या मुकादमाकडून मिळाला होता आणि तो रोज सकाळी इमानानं बघायचा की काटा शून्यावर आहे. खिळ्याला टेकलेला काटा शून्यावर नसतो, नुसता टेकलेला असतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"बावीस वर्षं," तो शेवटी म्हणाला. "मी रोज बघतो."

रांगेत राक्कम्मा उभी होती. तिची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती आणि कपाळावर टोपलीच्या दोरीचा जुना वळ होता. ती पुढे आली आणि टोपलीला हात लावून म्हणाली, "टोपली टाकली त्या दिवशी वाटलं होतं, मान मोकळी झाली. इतकी वर्षं वाहतेच आहे की मी ही."

दोरैनं माझ्या कागदाकडे पाहिलं. लाल रेघेकडे, मग निळीकडे. त्याचे कान लाल झाले होते. "ती चौकट मी भरायला नको होती," तो म्हणाला, तेही हळू आवाजात. मग त्यानं पाना मागवला आणि स्वतः स्टुलावर चढून काट्यामागचा स्क्रू सैल केला. टोपली लावल्यावर काटा दोनच्या पुढे जाऊन थांबला तेव्हाच तो खाली उतरला.

मग तोल सुरू झाला. तंगमलरचं पोतं लागलं. अठरा किलो तीनशे. मारिमुत्तुनं आपली पेन्सिल परत मागून घेतली, चिठ्ठी लिहिली आणि नेहमीच्या आवाजात ओरडला.

"तंगमलर. पूर्ण नाव."

तिनं चिठ्ठी घेतली, नीट घडी घातली आणि म्हणाली, "सोनंसुद्धा द्या की आज, अय्या. फूल रोजच नेते." रांग हसली. मारिमुत्तुही हसला, पण मान वर न करता.

काढायच्या यादीतल्या तिन्ही नावांवर काट मारली गेली आणि दूध-सुट्टी राहिली. तंगमलरची खोली राहिली. इथवर गोड आहे. आता कडू ऐका. बावीस वर्षांत जी अर्धी नावं पडली, त्यांतलं एकही कुणाला पुरं करून मिळालं नाही. कचेरी म्हणाली, जुन्या चिठ्ठ्या कुणाकडे आहेत? ज्यांची नावं त्याआधी पटावरून गेली, ज्यांच्या खोल्या गेल्या, त्या बायका कुठे आहेत हे कुणी शोधलं नाही. मी ते विसरलेली नाही. माझ्यापाशी फक्त एकशे बारा ठिपके आहेत, पण त्यांच्या मागे किती ठिपके असतील याचा हिशेब मी अजून मनात करत असते.

पुढचं माझं आयुष्य सगळ्या जुन्या वस्तूंसारखंच गेलं. काही दिवस कौतुक झालं. दुसऱ्या मळ्यांवरची माणसं मला बघायला आली आणि तिथेही दोन काटे सैल झाले. मग विसर पडला. संगणक बिघडला, नवा आला, माझी फाइल त्यात गेली आणि ती कुणी उघडेनासं झालं. धनुष्क दोरैची बदली झाली. त्याच्या जागी आलेल्या साहेबानं एकदा मला उघडलं, शून्याच्या खाली गेलेलं माझं टोक पाहून तोंड वाकडं केलं, आणि ती चौकट पुन्हा भरली. सहज. चहा पिता पिता. तेव्हापासून त्या फाइलमध्ये मी शून्यातून जाते आहे.

जाऊ दे. मला त्याची भीती नाही. कारण शेडमधला तो कागद टीचरनी आणून पाळणाघराच्या भिंतीवर डकवला आहे. लाल शाई उडाली, आता तिथे फिकट गुलाबी डाग आहे. निळी पेन्सिल मात्र जशीच्या तशी आहे, आणि पेन्सिलीची रेघ कुणाच्या टिचकीनं हलत नाही.

तर मित्रांनो, माझी दया येऊ देऊ नका, मला ती नको. एवढंच करा. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापुढे ठिपके येतील, आणि त्यांतून जाणारी एखादी रेघ तुमच्या मनासारख्या जागी टेकणार नाही. तिची मानगूट धरू नका. तुम्हाला न आवडणारे ठिपकेही पुसू नका. उठा, आणि कुणाच्या पाठीवर कुठली टोपली राहिली आहे ती शोधा.

कयल आता नऊ वर्षांची आहे. शाळेतून आली की पाळणाघरात येते, आतल्या बाळांना खेळवते. परवा तिनं भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवून विचारलं, ही रेघ खाली का गेलीय? टीचरनी टोपलीतली खेळणी जमिनीवर ओतली आणि रिकामी टोपली तिच्या हातात दिली.

"आधी ही उचलून बघ," त्या म्हणाल्या.